एका अंगठ्याच्या दोन कादंबऱ्या

पुण्यातल्या एका दस्त नोंदणी कार्यालयात मी सव्वीस वर्षं कारकून होते. घरं, जमिनी, दुकानं यांच्या खरेदीखतांची नोंद करायची, लिहून देणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, त्याला साहेबांसमोर उभं करायचं, हे माझं काम. त्याच वर्षांत मी कादंबऱ्याही लिहिल्या. लोक विचारतात, एवढ्या रुक्ष कामातून लिहिणं कसं जमायचं? मला तो प्रश्न कधी कळला नाही. मी जे लिहिलं ते बरंचसं त्या टेबलावरूनच उचललेलं होतं. एकदा मात्र चुकीचं उचललं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शहर चारी बाजूंनी सुटलं होतं. आधी कारखाने होतेच, आता कॉम्प्युटरच्या कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि त्यांच्या मागून इमारती. नगर रस्त्याला वाघोलीपर्यंत, इकडे आमच्या वारज्यापर्यंत, जिथे कालपर्यंत ज्वारी आणि कांदा होता तिथे पाट्या लागत होत्या. सकाळी दहालाच आमच्या ऑफिसच्या दारात जीपा उभ्या असायच्या. आधी भाऊ उतरायचे, मग वकिलाचा माणूस, आणि सगळ्यांत शेवटी बहिणी. त्या लगेच ओळखू यायच्या. अंगावर घडीच्या खुणा न मोडलेली नवी साडी आणि चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखा पण जरा बावरलेला भाव.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर मुलींचीही नावं लागतात. जमीन विकायची तर त्यांनी आधी आपला वाटा सोडायला हवा, म्हणून त्यांना आणायचं. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. मी विचारायची, "नाव काय? मजकूर मान्य आहे?" बहीण भावाकडे बघायची, भाऊ मान हलवायचा, आणि मग ती म्हणायची, "हाय की." मी तिच्या अंगठ्याला शाई लावायची. काम झालं की समोरच्या हॉटेलात मिसळ, आणि जीप परत.

मला फार राग यायचा. त्या वेळी दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात आम्ही दहा-बारा जणी जमायचो. बायकांचे हक्क, कायदे, कोणाच्या घरी काय चाललंय, सगळं बोलायचो. मी तिथे या अंगठ्यांबद्दल सांगायची. सगळ्या म्हणायच्या, "तू लिही यावर." मी लिहायला बसायची, पण त्या 'हाय की' म्हणणाऱ्या बाईच्या पुढे माझी गोष्टच सरकेना.

मग एका मार्च महिन्यात ती आली. मार्च महिना म्हणजे आमच्याकडे जत्राच. पंचेचाळिशीची, उंच, हिरवं नऊवारी लुगडं नेसलेली. शेजारी तिची धाकटी बहीण, पुढ्यात भाऊ. मी नेहमीचे प्रश्न विचारले, अंगठ्याला शाई लावली, आणि रजिस्टर पुढे केलं. ती काहीतरी बोलली. भावाचा आवाज चढला. मग ती उठली आणि शाई लागलेला अंगठा तसाच वर धरून, कशाला लागू नये अशा बेताने, गर्दीतून दाराबाहेर निघून गेली. भाऊ तिच्यामागे धावला. त्या दिवशी त्यांचा दस्त झाला नाही.

संध्याकाळी बसमध्ये मला तो अंगठाच दिसत होता. आपली नायिका सापडली, असं वाटलं.

पुढची दोन वर्षं मी पहाटे उठून ती कादंबरी लिहिली. माझी नायिका नोंदणीच्या ऑफिसात उठून उभी राहते, "मान्य नाही" म्हणते, आणि मग भावाला, साहेबांना आणि सगळ्या गावाला सुनावते. ते सुनावणं दीड पान चालतं. त्या दीड पानावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. शनिवारच्या वर्गातलं बरंच काही त्यात आलं होतं. शेवटच्या ओळीत ती रस्त्यावर येते आणि चालू लागते.

कादंबरी गाजली. एक पुरस्कार मिळाला, कॉलेजांमधून व्याख्यानांची बोलावणी आली. मी मुलींना सांगायची, "सही करू नका. भाऊ रडला तरी करू नका." टाळ्या पडायच्या.

एक गोष्ट मी कुठल्याच व्याख्यानात सांगितली नाही. मी स्वतः सही केली होती.

कादंबरीच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. वडील गेले होते. सदाशिव पेठेतली त्यांची दोन खोल्यांची जागा नव्या इमारतीसाठी पाडायची होती आणि बिल्डरला कागद स्वच्छ हवे होते. दादाचा ऑफिसात फोन आला. "अगं, तुझी एक सही लागेल. तू तिथेच आहेस, म्हणजे बरंच झालं." जेवणाच्या सुट्टीत तो कागद घेऊन आला. साहेब हसून म्हणाले, "मॅडमना काय विचारायचं? मजकूर मान्यच असणार." सगळे हसले, मीही हसले, सही केली, अंगठा उमटवला आणि हात धुऊन डबा खायला बसले. पुढे कादंबरी लिहिताना माझी नायिका जितकी ठणकावून बोलायची, तितकं मला बरं वाटायचं. त्याचं कारण मी कधी शोधलं नाही.

एका रविवारी सकाळी वारज्याच्या आमच्या घरी दोघी आल्या. प्रकाशकांकडून नंबर मिळवून त्यांनी आदल्या दिवशी फोन केला होता. मुलगी बावीस-तेवीसची, कॉम्प्युटरच्या कंपनीत नव्यानेच लागलेली. बरोबर तिची आई. आईला मी ओळखलं नाही.

"मॅम, ॲक्च्युअली आईलाच तुम्हाला भेटायचं होतं," मुलगी म्हणाली. "मी तिला तुमची नॉव्हेल रोज थोडी वाचून दाखवली."

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, "ताई, म्या लगीच वळखलं. ती आमची थोरली. हिरव्या लुगड्यातली. मी शेजारीच बसलेली व्हते की."

मला वाटलं, आता या भांडणार, आमच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणणार. माझ्या नवऱ्याने तेवढ्यात चहा आणून ठेवला. तो चहा करतो हे बघून ती जरा हसली आणि मग शांतपणे बोलू लागली.

"तुमच्या पुस्तकातली बाई न्हाय म्हनून निघून गेली. मग म्होरं तिचं म्हायेर राहिलं का? त्ये काय तुमी लिवलंच न्हाय."

मी व्याख्यानातलं उत्तर दिलं. वाटा मागितल्यावर जे तुटतं ते माहेर कसलं, वगैरे.

"त्ये बराबर हाय," ती म्हणाली. "हक्क हाय, मला बी म्हाईत हाय. पर आमची आई हाय ना तिथं. आईला भेटाया कुनाच्या दारातनं जायाचं? मी मागनं येऊन अंगठा दिला, मी जाते. थोरलीला गावातच दिलेली, तिच्या घरनं आईचा बसायचा वटा दिसतो. पाच वरसं झाली, ती तिथनंच बघती."

तिने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आनि दुसरं असं, की आमची थोरली न्हाय म्हनलीच नव्हती."

"मग काय म्हणाली होती?"

"ते तिलाच इचारा."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी, वाघोलीला गेले. बसमधून उतरले तर ती मुलगी तिची स्कूटी घेऊन उभी होती. थोरलीचं घर विहिरीच्या कडेला, दोन खणांचं, समोर सारवलेलं अंगण. मागे कॉलेजची नवी इमारत उठत होती आणि सिमेंट कालवायच्या यंत्राचा आवाज सारखा येत होता. थोरली लसूण सोलत बसली होती. मला बघून तिने डोळे बारीक केले.

"तुमीच की त्या. चष्मा बदललाय."

मी अंगणात बसले. अंगठा वर धरून ताठ उभी असलेली तिची मूर्ती माझ्या डोक्यात होती. ही बाई तर लसूण सोलता सोलता शेजारच्या कोंबड्यांना हाकलत होती. मी तिला सांगितलं की तुमच्यावरूनच मी पुस्तक लिहिलं, आणि त्या दिवशी नेमकं काय झालं ते मला ऐकायचंय.

"व्हायचं काय? म्या इतकंच म्हनले, कागुद वाचून दावा. भाऊ म्हनला, माझ्यावर इस्वास न्हाय का? म्या म्हनले, इस्वास हाय, पर काय लिवलंय त्ये ऐकू तर दे. त्याला लई लागलं, समद्यांच्या म्होरं. मंग तुमी म्हनला..." ती थांबली.

"मी? मी काय म्हणाले?"

"म्हनला, बाई, मागं लोक खोळंबल्यात. वाचायचा तर घरनं वाचून यायचं."

सिमेंटचं यंत्र तेवढ्यात बंद पडलं आणि एकदम शांत झालं. मला ते वाक्य आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, यात शंका नव्हती. मार्चमध्ये मी ते दिवसातून वीस वेळा म्हणायची.

"तुमचं बी चुकलं न्हाय," ती म्हणाली. "लई गर्दी व्हती. पर मला वाचाया येत असतं तर मी घरनं वाचूनच आले असते ना. मला लाजल्यावानी झालं. उठले."

"आणि वाचून दाखवला असता तर?"

"तर दिला असता की अंगठा. भावाला न्हाय कशाला म्हनू?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सोसेना. मी जिला बंडखोर समजून तिच्या तोंडी दीड पान घातलं, तिने एकच वाक्य म्हटलं होतं, आणि त्यावर मीच तिला गप्प बसवलं होतं. 'न्हाय' म्हणायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. तिला तिथून उठवणाऱ्यांत भावाच्या बरोबरीने मीही होते. परतीच्या बसमध्ये मी कादंबरीची प्रत उघडली, ते दीड पान वाचलं आणि मिटून ठेवलं. भाषा चांगली होती. आवाज माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी इतर लोकांसारखाच अर्ज केला आणि माझ्या स्वतःच्या हक्कसोडपत्राची नक्कल काढली. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून ते पहिल्यांदा वाचलं. दोन खोल्यांचं वर्णन, चतुःसीमा, भावाविषयीच्या नैसर्गिक प्रेमापोटी विनामोबदला, सगळं ठरलेलं. आणि मधे एक वाक्य: 'माझ्या लग्नात वडिलांनी यथायोग्य खर्च व मानपान केलेला असल्याने माझी काही तक्रार राहिलेली नाही.'

आमचं लग्न नोंदणी पद्धतीचं. वडिलांना पसंत नव्हतं. ते आले होते, दोन साक्षीदारांच्या मागे उभे राहिले, चहा घेतला आणि पायी घरी गेले. मानपान सोडा, आशीर्वादही त्यांनी दोन वर्षांनी दिला. खोल्या गेल्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण त्या वाक्याच्या खाली माझी सही होती, आणि मी ते खोटं मान्य केलं होतं. जिन्यात रडू आलं.

संध्याकाळी दादाकडे गेले. नवीन इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा लावून पूर्ण वाचला. मग म्हणाला, "हे वकिलाच्या ठरलेल्या मसुद्यातलं वाक्य आहे गं. सगळ्यांत घालतात."

"माहीत आहे. रोज दहा बघते."

"मग?"

"मग काही नाही. तू वाचलं होतंस का?"

त्याने चष्मा काढून कागदावर ठेवला. दादा तसा वादात हार न जाणारा माणूस. शेवटी म्हणाला, "नाही. मीही आत्ताच वाचतोय." आणि थोड्या वेळाने, "बाबा तुझ्या लग्नातून पायी आले, ते मला आठवतंय. चप्पल तुटली होती वाटेत. कोणाला दाखवली नाही. आईने विचारलं तर म्हणाले, चहा बरा होता."

मला हे कधीच कळलं नव्हतं. वहिनीने जेवायला थांबवून घेतलं. दादाने विचारलं, आता हा कागद बदलायचा आहे का? मी म्हटलं, बदलायचा नाही, पण यावर लिहिणार आहे. तो म्हणाला, "लिही. फक्त पुस्तकात मला टक्कल दाखवू नकोस. अजून पडलेलं नाही."

त्या आठवड्यापासून मी ऑफिसात दस्त वाचून दाखवायला लागले. ज्या बाईला वाचता येत नाही तिला आधी समोर बसवायचं, भावाला जरा मागे सरकायला सांगायचं, आणि सावकाश वाचायचं. साहेब दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, हे वाचनालय नाही." मी नियमांचं पुस्तक काढून त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं. निरक्षर माणसाला मजकूर वाचून समजावून द्यावा, असं त्यात लिहिलेलंच होतं. गर्दीत ते सगळेच विसरले होते. साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरं. पण भराभर."

भराभर काही व्हायचं नाही. रांग लांबायची, लोक ओरडायचे. आणि खरं सांगायचं तर बहुतेक बायका ऐकून झाल्यावर अंगठा देतच होत्या. मी कोणाला 'देऊ नका' म्हटलं नाही. पण ऐकताना त्या भावाकडे बघायच्या नाहीत, माझ्याकडे बघायच्या. एकीने विचारलं, "म्हंजी हिरीचं पानी बी गेलं का?" तिचा भाऊ मागून म्हणाला, "च्यायला, हे मला बी म्हाईत नव्हतं," आणि कागद दुरुस्त करायला घेऊन गेला.

याच काळात मी दुसरी कादंबरी लिहिली. ही लिहायला चार वर्षं लागली. यात भाषण नाही. नायिका कागद वाचून दाखवा म्हणते, एवढंच. पण ते मागितल्यामुळे घरात काय काय हलतं, आई कुठे बसते, भावजय काय बोलते, कोण कोणाच्या दारावरून जायचं टाळतं, ते सगळं मी आधी बघून मग लिहिलं. रविवारी वाघोलीला जायचं, थोरलीच्या अंगणात बसायचं. शेवटी नायिका एक वाक्य खोडायला लावते आणि अंगठा देते.

शनिवारच्या वर्गात मी शेवट वाचला तेव्हा एक जण चिडलीच. "शेवटी देतेच ना ती? मग तुमचे विचार कुठे गेले?" मी तिला जिन्यात उभं राहून वाचलेल्या माझ्या कागदाबद्दल सांगितलं. पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळाने तीच चिडलेली बाई म्हणाली, "मीही दिलीय सही. कशावर, ते माहीत नाही." मग एकेक करून अशा पाच जणी निघाल्या. विचार बदलले नव्हते. अजूनही वाटतं, बायकांना वाटा मिळायलाच हवा. फक्त माझ्या नायिकेच्या तोंडून ते बोलून घ्यायचं मी बंद केलं.

त्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला नाही. एका समीक्षकाने 'पहिल्या कादंबरीतली धार बोथट झाली' असं लिहिलं. दादाला ते आवडलं नाही. त्याने वर्तमानपत्राला खरमरीत पत्र पाठवलं, ते छापून आलं नाही.

थोरलीचं प्रकरणही मध्यंतरी मिटलं. जमीन घेणाऱ्यांचा वकीलच तिच्या अंगणात आला. कॉम्प्युटर कंपनीतल्या भाचीने लॅपटॉपची बॅग बाजूला ठेवून सगळा कागद मोठ्याने वाचला, तासभर. थोरलीने विहीर आणि तिच्याकडे जायची वाट वगळायला लावली आणि मग अंगठा दिला. भाऊ अजून तिच्या घरात येत नाही. पण भावजय भाजी आणून देते, आणि भाऊ दारावरून जाताना मोठ्याने खाकरतो, म्हणजे आत कळावं. आईला भेटायला थोरली आता पुढच्या दारानेच जाते.

भाचीने तिला दुसरी कादंबरी वाचून दाखवली, सात-आठ रविवार लागले. शेवटच्या रविवारी मीही होते. परीक्षा दिल्यासारखी बसले होते. पुस्तक मिटल्यावर थोरलीने पदराला हात पुसले.

"बाई बराबर जमलीय," ती म्हणाली. "तिची लसणीची चटनी तेवढी चुकलीय, शेंगदानं न्हाय घालत आमी. पर भाऊ चुकलाय."

"कसा?"

"निस्ता कागुद घिऊन मागं लागलेला दावलाय. माझं मालक गेलं, त्या वरसाला माझ्या कांद्याला पानी त्येनं दिलं. आधी माझं रान, मग त्याचं. त्याचा कांदा करपला त्या साली. त्ये कुटं हाय तुमच्या पुस्तकात?"

कुठेच नव्हतं. मी तिला ते कधी विचारलंच नव्हतं.

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायला नऊ वर्षं लागली. तोवर मी निवृत्त झाले होते. तेव्हा प्रकाशकांना सांगून मी भावाला दोन पानं वाढवून दिली आणि चटणीतले शेंगदाणे काढून टाकले.